फाटकाबाहेरचा वर्ग : आमच्या सिस्टर आणि फुटपाथवरची कुटुंबं

गुलमोहर_कॅम्प

मागच्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं, की पुण्यातल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पैसेवाल्यांच्या पोरींना इंग्रजी शिकवण्यापलीकडे काय केलं. तिथली चर्चा भलतीकडे गेली, म्हणून वेगळा धागा काढते आहे. सगळ्या सिस्टरांबद्दल मला बोलायचं नाही. एकीबद्दल बोलायचं आहे, कारण त्यांचं काम मी पुष्कळ वर्षं जवळून पाहिलं.

त्यांचं नाव देत नाही, शाळेचंही नाही. त्या हयात आहेत, ऐंशी ओलांडली आहे, पुण्यातच त्यांच्या धर्मभगिनींच्या संघाच्या मठात असतात. यंदा त्यांच्या व्रताला साठ वर्षं होतात. जुन्या विद्यार्थिनींना दोन ओळींत ओळख पटेल. बाकीच्यांना नावाची गरज नाही.

मूळच्या श्रीरामपूरकडच्या, शेतकरी घरातल्या. आम्हाला मराठी आणि भूगोल शिकवायच्या. इंग्रजी माध्यमात मराठीचा तास म्हणजे डबा खायचा तास, पण त्यांच्या तासाला कोणाची टाप नव्हती. मला आज चार ओळी नीट लिहिता येतात त्या त्यांच्यामुळे.

शाळा सुटली की खांद्याला कापडी पिशवी अडकवून त्या फाटकाबाहेर पडायच्या. स्टेशनपासून कॅम्पापर्यंत तेव्हा फुटपाथवर बरीच कुटुंबं राहायची. काही बहात्तरच्या दुष्काळात नगर, बीड, सोलापूरकडून आलेली आणि परत न गेलेली. काही पारधी. काही ससूनला पेशंट घेऊन आलेली, पेशंट गेल्यावर गावाकडे तोंड दाखवायला उरलं नाही म्हणून इथेच थांबलेली. मी नववीत असताना आम्हा काही मुलींना त्या बरोबर न्यायला लागल्या. मला वाटलं होतं फळा-खडू घेऊन वर्ग भरणार. पिशवीत कंगवा, खोबरेल, नेलकटर, खरजेचं मलम आणि एक लांबट वही एवढंच असायचं. एखाद्या बाईशेजारी फतकल मारून बसायच्या, तिच्या लेकराच्या डोक्यातल्या उवा काढत बोलत राहायच्या. कुठून आलात, पाऊस आला की कुठे सरकता, तुम्ही कामाला गेलात की धाकट्याला कोण बघतं, पोराचा जन्म घरी झाला की दवाखान्यात. हे सगळं मग वहीत उतरायचं. मुलांच्या शाळेचा विषय बऱ्याच दिवसांनी निघायचा.

फुटपाथवरचं मूल शाळेत का टिकत नाही, ह्याचं त्यांच्याइतकं नेमकं उत्तर मला पुढे कुठल्याही अहवालात वाचायला मिळालं नाही. दप्तर ठेवायला जागा नसते. रात्री पाऊस झाला की पुस्तकांचा लगदा. अतिक्रमण कारवाईची गाडी आली की स्टोव्ह, गोधड्या, दप्तर सगळं एकाच ढिगात उचललं जातं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतात, पुस्तक कुठंय? पोर दोनदा मान खाली घालून ऐकून घेतं, तिसऱ्यांदा शाळेकडे फिरकत नाही. मग आंघोळ. पैसे देऊन आंघोळ करायची तर घरातल्या सगळ्यांची रोज परवडत नाही, आणि वासावरून वर्गात बाक वेगळा पडतो. मग धाकटं भावंड. सात वर्षांची मुलगी शाळेत गेली तर दीड वर्षाच्याला सिग्नलजवळ सोडून आईनं गजरे विकायचे कसे?

सिस्टरांनी ह्यातली एकेक अडचण धरून सोडवली. शाळेच्या मागच्या फाटकाशी वॉचमनची एक जादा खोली होती. तिथे भिंतीवर ओळीनं खिळे ठोकून घेतले, एकेका मुलाला एकेक खिळा. दप्तर आणि गणवेश तिथेच राहायचे, फुटपाथवर जायचेच नाहीत. सकाळी साडेसहाला मागचं फाटक उघडायचं, नळाखाली आंघोळ, गणवेश चढवायचा, डोक्याला तेल, आणि तिथून जवळच्या म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत. संध्याकाळी परत येऊन गणवेश खिळ्याला. धाकट्यांसाठी त्याच खोलीत जुन्या साडीच्या झोळ्या बांधल्या होत्या आणि त्यांना सांभाळायला फुटपाथवरचीच एक म्हातारी ठेवली होती. तिला त्याचे पैसे मिळायचे.

एक गोष्ट त्या कधी करत नसत. मुलांना उचलून वसतिगृहात टाकत नसत. ते सोपं होतं. जागा मिळायच्या, देणगीदारांनाही ते आवडायचं. आईनं स्वतःहून मागितलं तरच त्या शब्द टाकायच्या. एरवी म्हणायच्या, ‘‘आई-बाप आहेत, भावंडं आहेत, फक्त भिंती नाहीत. भिंतींसाठी आई कशाला काढून घ्यायची?’’ त्यांच्या साठ वर्षांतल्या कामाचं सगळं सार मला ह्यातच दिसतं. मुलाची शाळा हे निमित्त, घर उभं करायचं ते सबंध कुटुंबाचं.

त्यासाठी लखोटे होते. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात खाकी लखोट्यांचा गठ्ठा, प्रत्येकावर बाईचं नाव आणि अंगठा. पाच रुपये, दहा रुपये, जमेल तसे आणून द्यायचे. वहीत नोंद, पुन्हा अंगठा. नवऱ्यानं मागितले तर द्यायचे नाहीत, बाई स्वतः आली तरच. ताडीवाला रोडला नाहीतर येरवड्याला दहा बाय दहाच्या खोलीच्या डिपॉझिटपुरते साठले की सिस्टर तिच्याबरोबर घरमालकाकडे जायच्या. पैसे असूनही फुटपाथवरच्या माणसाला खोली मिळत नाही, कारण ओळख सांगणारं कोणी नसतं. सिस्टर म्हणायच्या, मी ओळखते ह्यांना. बऱ्याचदा तेवढं पुरायचं.

ज्यांनी अशी कामं पाहिली आहेत त्यांनी लिहा. सिस्टरांची भलामण करायची म्हणून नव्हे. आजही स्टेशनबाहेर रात्री चक्कर मारली की मुलं तशीच झोपलेली दिसतात, आणि कोणत्या गोष्टी उपयोगी पडतात हे कुठेतरी एकत्र यायला हवं.

नगरी_बोली

ताई, वाचून भरून आलं. माझी आत्या सिस्टर आहे, म्हणून थोडी भर घालतो.

श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर ह्या पट्ट्यात मराठी कॅथलिक घरं बरीच आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात जो लोंढा येतो तो बहुतेक ह्याच कष्टकरी लोकांचा. त्यामुळे पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली सिस्टर म्हणजे कोणी परदेशी किंवा गोव्याची बाई असणार, हा समज चुकीचा आहे. पुष्कळ जणी ऊस तोडणाऱ्यांच्या, कोरडवाहू शेतीवाल्यांच्या लेकी असतात. दुष्काळात गाव सुटणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही.

लोकांना माहीत नसलेली दुसरी गोष्ट पगाराची. सिस्टरची व्रतं तीन : दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. शाळेचा पगार तिच्या हाती राहत नाही, संघाच्या खात्यात जातो. आत्याला साधी चप्पल घ्यायची तरी मदर सुपीरियरला सांगावं लागतं. तेव्हा खिळ्यांपासून झोळ्यांपर्यंत जे काही त्यांनी उभं केलं, त्यातला प्रत्येक रुपया त्यांना कोणाकडे तरी मागावा लागला असणार. आज्ञापालनाचा अर्थ असा, की बदलीचं पत्र आलं की पेटी उचलायची. तुमच्या सिस्टर इतकी वर्षं पुण्यात कशा राहिल्या?

आणि रस्त्यावर जाऊन काम करणं ही सिस्टरांसाठी पूर्वी साधी बाब नव्हती. युरोपात शतकानुशतकं धर्मभगिनी म्हटलं की मठाच्या भिंतीआड. १६३३ मध्ये पॅरिसला संत व्हिन्सेंट दे पॉल आणि लुईज दे मारियाक ह्यांनी असा संघ काढला, की ज्यातल्या बायका गरिबांच्या घरी जातील, रस्त्यानं हिंडतील, आजाऱ्यांचं करतील. मठाची चौकट पाळावी लागू नये म्हणून त्यांची व्रतंही दर वर्षी नव्यानं घ्यायची असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) तर आपल्याकडच्याही अनेक संघांनी झगा सोडून साडी घेतली. तुमच्या सिस्टरांनी व्रत घेतलं तो नेमका हाच काळ.

मुठेकाठी

लेख आवडला, पण दोन प्रश्न मनात आहेत ते स्पष्टच विचारतो, राग नसावा.

एक, अशा कामात धर्मांतराचा भाग किती असतो? भुकेल्या माणसाला मदत देताना पुढे काय ठेवलं जातं, ही शंका अनेकांना असते आणि ती उगाच नसते.

दोन, ती मुलं सिस्टरांच्या शाळेत न जाता म्युनिसिपालटीच्या शाळेत का गेली? आंघोळ मागच्या फाटकाशी आणि पुढचं फाटक मात्र फी भरणाऱ्यांसाठी, हे मला खटकलं. शिक्षण हक्क कायद्यातल्या गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागाही अशा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत.

गुलमोहर_कॅम्प

मुठेकाठी, राग कशाला. दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो सिस्टरांनाही खटकत होता.

मुलं घरी पारधी, वडारी, मराठवाडी मराठी बोलायची. त्यांना थेट इंग्रजी माध्यमात बसवलं तर वर्षभरात पळतील, हे एक कारण होतं आणि ते खरं होतं. पण तेवढंच नव्हतं. पालकांच्या तक्रारी यायच्या. मागच्या फाटकाशी कोण मुलं जमतात, उवा आमच्या मुलींच्या डोक्यात येतील, असं लेखी दिलेलं मला माहीत आहे. सिस्टरांनी एका पालकसभेत त्या पत्राला उत्तर दिलं होतं. माझी आई त्या सभेला होती. उवा घालवायला एक आठवडा लागतो, त्याचं औषध माझ्याकडे आहे, पण दुसऱ्याच्या लेकराची किळस घालवायला किती दिवस लागतात ते तुम्ही मला सांगा, असं त्या म्हणाल्या. नंतर थोड्या मुली आमच्या शाळेत घेतल्या गेल्या. थोड्याच. कायदा लागू असो-नसो, शाळेनं आपण होऊन ह्याहून पुष्कळ जास्त करायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

नगरी_बोली, बदली झाली होती. काही वर्षं त्या आदिवासी भागातल्या शाळेवर होत्या. जाताना खोलीची किल्ली कोणा सिस्टरकडे न देता झोळ्या सांभाळणाऱ्या आजींकडे देऊन गेल्या. आम्ही मुली कॉलेजात होतो, आळीपाळीनं जायचो. लखोट्यांचा हिशेब दुसऱ्या एका सिस्टरांनी ठेवला. परत आल्या तेव्हा दोन खिळे वाढलेले होते.

धर्माच्या प्रश्नावर मी बोलण्यापेक्षा त्या मुलांपैकी कोणी बोललं तर बरं. एकाला धाग्याची लिंक पाठवते आहे.

म्युनिसिपल_गुरुजी

मी बत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत नोकरी करून निवृत्त झालो. ताईंनी लिहिलंय ती मुलं आमच्याच वर्गात यायची, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो.

बेघर मूल वर्गात आलं की हजेरीपटाचा पहिला रकाना अडतो. जन्मतारीख? आईला आठवतं, ‘पोळ्याच्या आसपास’, ‘त्या मोठ्या पावसात’. पत्ता? ‘पुलाखाली’. पूर्वी मुख्याध्यापक ह्यावरूनच परत पाठवायचे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १४ व्या कलमात लिहिलंय, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. चौथं कलम सांगतं, मूल वयाप्रमाणे योग्य वर्गात बसवा आणि मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवा. दहा वर्षांच्या पोराला पहिलीत कोंबायचं नाही. कायदा चांगला आहे. पण ‘खास शिकवणं’ कोणी आणि कधी करायचं, ते एकाच शिक्षकाच्या अंगावर येतं. तिथे अशा सिस्टरांसारखं संध्याकाळी घेऊन बसणारं कोणी असलं तर मूल तरतं.

जनगणनेची एक रात्र सांगतो. २८ फेब्रुवारी २०११. देशभर बेघरांची मोजणी त्या एका रात्रीत करायची होती. आम्ही शिक्षक मंडळी फॉर्म आणि बॅटऱ्या घेऊन निघालो. उड्डाणपुलाखाली, फलाटावर, देवळाच्या ओट्यावर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, मोठ्या सिमेंटच्या पायपांत. बॅटरी तोंडावर पडली की माणसं दचकून उठायची, पोलीस समजून सामान गोळा करायला लागायची. एका ठिकाणी एक मुलगी उठून बसली आणि म्हणाली, ‘‘गुरुजी, तुम्ही?’’ माझ्याच वर्गातली, चौथी ब. तिनं आईला सांगितलं, घाबरू नको, आमचे सर आहेत. मग तिनंच मला त्या पट्ट्यातल्या सगळ्यांची नावं, वयं, नाती सांगितली. फॉर्म तिच्यामुळे भरला. त्या मोजणीत देशात १७ लाख ७३ हजार बेघर निघाले, त्यातले ९ लाख ३८ हजारांच्या आसपास शहरांत. रात्रीत पाहिलेल्या जागा आठवल्या की मला हा आकडा फार कमी वाटतो. सिस्टरांची ती लांबट वही ह्याहून जास्त खरी असणार.

आडवाट

शहरी बेघरांच्या निवाऱ्यावर काही वर्षं काम केलं आहे. ताईंचं ‘भिंतींसाठी आई कशाला काढून घ्यायची’ हे वाक्य प्रत्येक निवाऱ्याच्या भिंतीवर लावावं असं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात : २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की मोठ्या शहरांत एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो चोवीस तास, बाराही महिने उघडा हवा. पुढे २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी केंद्राचे पैसे आले. माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, सगळं कागदावर नीट होतं. कुटुंबांसाठी वेगळा निवारा असावा हेही त्यात होतं.

प्रत्यक्षात काय होतं, बहुतेक निवारे पुरुषांचे आणि बायकांचे असे वेगळे. कुटुंब आलं की बाप एकीकडे, आई आणि लहान मुलं दुसरीकडे, चौदा वर्षांचा मुलगा तिसराच प्रश्न. त्याला बायकांत ठेवता येत नाही आणि अनोळखी पुरुषांत आई ठेवू देत नाही. मग कुटुंब म्हणतं, पूल बरा. आम्ही म्हणायचो, ‘बेघर लोक निवाऱ्यात यायला तयार नसतात’, आणि अहवालात तसं लिहायचो. ते तयार असतात. मोडायला तयार नसतात.

दुसरं, भिकेचं. आपल्याकडे अजून १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. सिग्नलवर फुगे विकणाऱ्यालाही त्याच्याखाली उचलता येतं, कारण कायद्यातली भिकेची व्याख्या तेवढी रुंद आहे. दिल्लीत उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, महाराष्ट्रात तो कायदा चालू आहे. मोहीम निघाली की कुटुंबं जागा बदलतात, मुलांची शाळा तिथेच तुटते. एका जागी राहिलेला खिळा आणि उघडं फाटक ह्याचं मोल त्या वेळी कळतं.

दगडी_पाटी

गुलमोहर ताईंनी लिंक पाठवली. माझं लिहिणं सवयीचं नाही, समजून घ्या.

मी त्या खोलीतला. आम्ही पारधी, मूळ गाव बीड जिल्ह्यात. माझा जन्म पुण्यातच, स्टेशनजवळ. माझ्या खिळ्यावर कासव होतं. आम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून सिस्टरांनी खिळ्यावर चित्रं चिकटवली होती. मोर, छत्री, कासव, सायकल. सायकलवरून दोघांची मारामारी झाली होती. तिसरीत गेल्यावर चित्राखाली आपलं नाव आपणच लिहायचं. ज्याला लिहिता आलं त्याचं चित्र सिस्टर काढून त्यालाच द्यायच्या. माझं कासव अजून आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे.

मुठेकाठी सरांनी धर्माचं विचारलं. आमच्यात देवीचं गाठोडं असतं. चांदीच्या पत्र्यावरची देवी, कापडात बांधलेली. तिला घरातल्या बाईनं हात लावायचा नसतो. गाडी आली की आजोबा आधी ते गाठोडं उचलून पळायचे, मग आम्हाला. एका वर्षी पावसाळ्यात सारख्या कारवाया झाल्या. आजोबा सिस्टरांकडे गेले आणि म्हणाले, देवीला जागा द्या. सिस्टरांनी त्यांना खोलीतलं वरचं फडताळ दाखवलं, कुलूप लावून किल्ली आजोबांच्या हातात दिली. म्हणाल्या, बाबा, तुमच्या रीतीनं तुम्हीच ठेवा आणि तुम्हीच काढा, मी हात लावणार नाही. दिवाळीपर्यंत देवी तिथे होती. आमच्यातलं कोणी ख्रिस्ती झालं नाही. प्रार्थना व्हायची, सिस्टर डोळे मिटून बसायच्या, आम्ही पण बसायचो. आजोबा वारले तेव्हा खांदा द्यायला माणसं कमी होती. सिस्टरांनी शाळेचा माळी आणि वॉचमन पाठवले.

सगळ्यांचं चांगलं झालं असं नाही. माझा मोठा भाऊ टिकला नाही. तो बारा वर्षांचा झाल्यावर कुठे चोरी झाली की त्याला उचलायचे. इंग्रजांनी १८७१ साली जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, पुढे आम्हीही त्यात आलो, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण भावाच्या बाबतीत गेलेला मला दिसला नाही. सिस्टर चौकीवर जाऊन बसायच्या, शाळेचा हजेरीपट घेऊन. ह्या तारखेला हा मुलगा वर्गात होता, बघा. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तो शाळेतच गेलेला नव्हता. पुढे तो कुठे गेला आम्हाला माहीत नाही. सिस्टर भेटल्या की पहिल्यांदा त्याचंच विचारतात.

मी दहावी झालो, आयटीआयला वायरमन केलं. आईच्या लखोट्यातून ताडीवाला रोडला खोली झाली, पुराच्या भीतीनं नंतर येरवड्याला आलो. जातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, तो आमच्याकडे कुठून येणार? त्यासाठी सिस्टर आजोबांना घेऊन बीडला गेल्या, गावच्या जुन्या शाळेच्या दप्तरात आजोबांच्या चुलतभावाचं नाव सापडलं. त्यावर आमच्या तीन घरांचे दाखले निघाले.

सातारी_कंदी

दगडी_पाटी दादा, तुम्ही लिहीत राहा, एवढंच म्हणते.

वाचताना कोलकात्याच्या सिस्टर सिरिल मूनी आठवल्या. आयर्लंडच्या, १९५६ मध्ये भारतात आल्या, १९७९ मध्ये सियालदाच्या लोरेटो शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. सियालदा स्टेशन शाळेच्या जवळच, त्यामुळे फुटपाथवरच्या मुली रोज डोळ्यांपुढे. त्यांनी त्या मुलींना शाळेतच आणलं. ‘रेनबो’ म्हणायचे त्या उपक्रमाला. मुली शाळेत राहायच्या, झोपायच्या, आणि फी भरणाऱ्या वर्गातल्या मुली आपल्या तासांपैकी काही तास एकेकीला घेऊन शिकवायच्या. फी भरणाऱ्या आणि न भरणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यांनी जवळपास निम्मं-निम्मं केलं. २००७ मध्ये पद्मश्री, २०२३ मध्ये त्या गेल्या. मुठेकाठी म्हणतात तसं पुढचं फाटक उघडलं तर काय होतं, त्याचं हे उत्तर आहे. शाळा ओस पडली नाही.

मात्र तिथे अनेक मुली रात्री शाळेतच राहायच्या. पुण्याच्या सिस्टरांनी कुटुंब न हलवता काम केलं. एकट्या, छळ सोसणाऱ्या, आई नसलेल्या मुलीला पहिली वाट हवी, कुटुंब शाबूत असेल तिथे दुसरी. आपल्याजवळचंच उदाहरण द्यायचं तर वढू बुद्रुकचं ‘माहेर’. सिस्टर लुसी कुरियन ह्यांनी १९९७ मध्ये सुरू केलं, घरातून जीव मुठीत धरून निघालेल्या बायका आणि त्यांच्या मुलांसाठी. तिथे सर्व धर्मांचे सण होतात. एका गरोदर बाईनं आसरा मागितला होता, तेव्हा जागा नसल्यानं उद्या या म्हणावं लागलं आणि त्याच रात्री नवऱ्यानं तिला जाळलं. त्यातून हे काम उभं राहिलं, असं सिस्टर लुसींनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे.

मुठेकाठी

दगडी_पाटी, देवीच्या गाठोड्याचं वाचलं. माझ्या पहिल्या प्रश्नाला ह्याहून सरळ उत्तर मिळालं नसतं. आभारी आहे.

आता काम काय करता येईल ते सांगा. आमच्या सोसायटीजवळच्या पुलाखाली दोन कुटुंबं आहेत, मुलं सात आणि नऊ वर्षांची, शाळेत नाहीत. जन्माचा दाखला नाही. जूनची वाट पाहायची का?

म्युनिसिपल_गुरुजी

अजिबात नाही. प्रवेश वर्षात केव्हाही घेता येतो. आईला बरोबर घेऊन जवळच्या महापालिका शाळेत जा. जन्मतारखेसाठी दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर आईबापांनी दिलेलं वयाचं घोषणापत्र चालतं. अडवलं तर १४ व्या कलमाचं नाव घ्या आणि ‘नकार लेखी द्या’ म्हणा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. बांधकामावरच्या आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी डोअर स्टेप स्कूल ही संस्था पुण्यात अनेक वर्षं काम करतेय, त्यांचीही मदत होते.

वकीलीण

गुरुजींनी सांगितलं त्याच्या बरोबरीनं जन्मनोंदीचंही सुरू करा, प्रवेशासाठी थांबू नका. वर्षाच्या वर उशीर झालेल्या नोंदीला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी, नाहीतर त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे. बाळंतपण ससूनमध्ये किंवा कुठल्याही सरकारी दवाखान्यात झालं असेल तर आईच्या नावाची नोंद तिथे असते. आईला महिना आणि साल आठवत नसेल तर सणावरून, मोठ्या पावसावरून, भावंडांच्या अंतरावरून काढता येतं. प्रतिज्ञापत्र मी करून देईन, फी नको.

गुलमोहर_कॅम्प

मुठेकाठी, दोन गोष्टी लगेच करा. सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये दोन दप्तरं आणि दोन गणवेश ठेवायला जागा मागा, आणि सकाळी बाहेरचा नळ वापरू देतील का विचारा. सेक्रेटरी कुरकुरले तर मला सांगा, मी येऊन बोलेन. सात वर्षांची मुलगी असेल तर तिच्याकडे धाकटं भावंड आहे का ते आधी बघा. असेल तर प्रवेशाच्या आधी त्याची सोय, नाहीतर ती आठवडाभरही टिकणार नाही.

सिस्टरांना आज दुपारी फोनवर धागा वाचून दाखवला. त्यांनी दगडी_पाटीच्या भावाचा भाग दोनदा वाचायला लावला आणि एवढंच विचारलं, की पुलाखालच्या त्या दोन मुलांची नावं काय.

मुठेकाठी

नावं विचारलेली नाहीत. उद्या सकाळी जातो आहे.